मौजे बिबाटोला येथे पालक चालून आले त्याची हकीकत

शालिवाहन शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरे, पौष मासी, थंडी कडक पडली असता, प्रांत गडचिरोली, मौजे बिबाटोला येथील प्राथमिक शाळेच्या पहिलीच्या वर्गावर जो प्रसंग गुदरला, तो पुढील पिढ्यांस कळावा, मागाहून कोणी उणे अधिक बोलू नये, आणि त्या दिवशी शाळेच्या ओट्यावर ज्यांनी शर्थ केली त्यांची नावे पुसली जाऊ नयेत, याकरिता ही हकीकत जैसी घडली तैसी, पदरचे तिखटमीठ न घालता, लिहून ठेविली आहे. वाचणाराने सावध होऊन वाचावे. ज्यास मध्येच चहा टाकावयास उठणे असेल त्याने आधीच उठून यावे, कारण लढाई ऐन रंगात असता उठणे ही चांगल्या घरची रीत नव्हे.

प्रथम किल्ल्याचे वर्णन. बिबाटोला हे गाव तीन बाजूंनी सागवान आणि चौथ्या बाजूस बोडी, म्हणजे पाण्याचे लहान तळे, ऐसे वसले आहे. गावाच्या शेवटास शाळा, दोन खोल्या, वर कवेलूंचे छप्पर, पुढे लांब ओटा, ओट्यापुढे मोहाचे झाड, आणि त्या झाडास लोखंडी रुळाचा तुकडा टांगलेला, तोच नगारखाना. एका खोलीत वरचे वर्ग आणि त्यांचे गुरुजी. ते भले गृहस्थ, त्यांचा या हकीकतीशी संबंध नाही. दुसऱ्या खोलीत पहिलीचा वर्ग, आणि त्या वर्गाची गादी नसीमबानो शेख यांजकडे.

नसीमबाई या गोंडपिपरीच्या कापडवाल्या शेखांचे घराण्यातील. नोकरीची तीस वर्षे त्यांनी याच रानमुलुखात काढिली, केस पांढरे केले, गुडघे झिजविले, परंतु आवाजास गंज चढू दिला नाही. ओट्यावरून हाक मारिली तर बोडीवरचे बगळे उडावे, ऐसा त्यांचा दरारा. निवृत्तीस आता येता उन्हाळा तेवढा उरला होता. त्यांची राजनीती एका वाक्यात सांगावयाची तर, लेकरू फाटकाच्या आत आले की माझे, बाहेर गेले की तुमचे. आईबाप आणि पाऊस, दोन्ही वर्गात शिरू देऊ नयेत, ऐसे त्या म्हणत. पैकी पावसाने कवेलूंतून त्यांस पुष्कळदा शिकस्त दिली, परंतु आईबापांची तीस वर्षांत छाती जाहली नाही.

आषाढ मासी शाळा उघडली आणि पहिलीची नवी फौज दाखल जाहली, तेव्हा रिवाजाप्रमाणे मोठा आकांत जाहला. कोणी आईच्या पदरास लटकला, कोणी दाराच्या चौकटीस, एकाने तर रागे भरून आपली पाटी बोडीत टाकिली. मग बाईंनी खुर्चीवरून उठून तो कदीम हुकूम सोडिला, ज्यापुढे आजवर तीस फौजा नमल्या, तो हा की, हाताची घडी, तोंडावर बोट! हुकूम सुटताच आकांत बंद पडला आणि कवेलूंवर कावळा चालतो तोही ऐकू येऊ लागला. पुढे कोणाचे बोट घसरले, कोणाचे नाकात गेले, आणि खाऊ वाटेपर्यंत फौज पूर्ववत् कलकल करू लागली. बाईंनी त्याचे वाईट मानिले नाही. पहिलीच्या फौजेवरचा हुकूम हा दवासारखा, उन्हाबरोबर उडून जातो, हे त्या जाणत होत्या.

ऐशियात सुभ्याहून खलिता आला की, यापुढे पहिलीच्या लेकरांच्या आईबापांस वर्गातील सर्व वर्तमान वेळोवेळी कळवीत जावे, त्यांस सभेस बोलवावे, शिकविण्यात सामील करून घ्यावे, विशेषेकरून माता. खलिता वाचून बाईंच्या कपाळास आठ्या पडल्या. परंतु सरकारचे मीठ खाल्ले, इलाज नव्हता. त्यांनी रुळाचा नगारा वाजविला आणि गावात इतल्ला दिली की, शनिवारी सकाळी समस्त आईबापांनी शाळेत हजर व्हावे. सतरंजी अंथरिली, चहाची बेगमी केली, आणि पदर नीट करून ओट्यावर उभ्या राहिल्या.

शनिवार उजाडला आणि एकटा मुखरू पाटील आला. मुखरू म्हणजे गावचा वडीलधारा. बैठकीत त्याचा शब्द शेवटचा. तो पहिलीच्या इवल्या बाकावर गुडघे कानाशी घेऊन बसला आणि बोलिला, "सांगा बाई. मी आलो म्हंजे गाव आलं."

"आणि आया कुठे आहेत?" बाईंनी विचारिले.

"आया धान कापून राह्यल्या. तुमी मले सांगा, मी बैठकीत सांगतो. आमच्यात असंच असते."

मग बाईंनी खलित्यात होते तितके सारे सांगितले, की लेकरांस वाचून दाखवावे, त्यांच्याशी शाळेच्या गोष्टी बोलाव्या, रोज वेळेवर पाठवावे, न्हाऊ घालावे, नखे कापावी. पाटलाने चहा पीत पीत सर्व ऐकिले, मान हालविली, आणि सांजच्या बैठकीत गावास येणेप्रमाणे सादर केले: "बाई म्हनते, लेकरं बरी हायेत. नखं काढा." गावाने त्यास मान्यता दिली. बाईंनी सुभ्यास कळविले की सभा यथासांग पार पडली, उपस्थित संपूर्ण गाव. आणि गावच्या रीतीने पाहता त्यात एक अक्षर खोटे नव्हते.

दुसरी तजवीज मोबाईलची जाहली. परंतु बिबाटोल्यात मोबाईलास रेंजेचे वारे लागते ते केवळ बोडीच्या पाळीवर, आणि पाळीवर जातात ते बैल धुणारे पुरुष. सबब सोमवारचा अभ्यास शुक्रवारी पोहोचे, तोही बैलांस. आणि जबाब म्हणून बाईंकडे दररोज पहाटे उगवत्या सूर्याची चित्रे येत. बाईंनी ती मोहीमही आवरती घेतली, आणि मनात म्हटले की, बरेच जाहले, तीस वर्षे चालले ते आणखी एक उन्हाळा चालेल.

आता रंजीतेचे प्रकरण, जे या सर्व अनर्थाचे आणि विजयाचे मूळ.

रंजीता ही कोलू आणि निशा यांची कन्या, वच्छला आजीची नात. वेण्या घट्ट, फिती लाल, पाटीवरचे अक्षर मोत्यासारखे. गणित पाटीवर मांडून दाखवी, चित्र काढून दाखवी, आणि बोले मात्र नाही. बाईंनी गोड बोलून पाहिले, डोळे वटारून पाहिले, चिंचेचे बोटुक दाखवून पाहिले. आषाढ गेला, श्रावण गेला, पोळा जाहला, दिवाळी जाहली, परंतु त्या पोरीच्या मुखातून शाळेत एक शब्द निघाला नाही. वरून तिला एक खोड ऐसी होती की, लिहिणे संपले की हात बांधून उजव्या हाताचे बोट ओठांशी नेऊन ठेवावे. बाईंनी दोनदा तिचे बोट धरून खाली केले. पोर दोन्ही वेळा त्यांच्याकडे मोठ्या आदराने पाहून पुन्हा बोट होते तेथे नेऊन ठेवी.

पौषाच्या आरंभी केंद्रप्रमुख तपासणीस आले. त्यांनी रंजीतेस नाव विचारिले, गाव विचारिले, बापाचे नाव विचारिले, आणि पोर उभीच राहिली. तेव्हा ते बाईंस बाजूस घेऊन म्हणाले की, ही मुलगी मुकी दिसते; सोमवारी गडचिरोलीस तपासणीचे शिबिर आहे, तेथे न्यावी; मग दूर जिल्ह्याच्या गावी खास शाळा आहे, वसतिगृह आहे, पोरीचे कल्याण होईल; तुम्ही फक्त आईबापांस कळवून त्यांचा रुकार घ्यावा. इतके बोलून ते मोटारसायकलीस लाथ मारून रवाना जाहले.

नसीमबाईंस त्या दिवशी जेवण गोड लागले नाही. कारण त्यांनी एक पाहून ठेविले होते की, गोष्ट सांगताना ज्या ठिकाणी हसावयाचे त्या ठिकाणी ही पोर हसते, मुक्याने का होईना, आणि इतरांच्या आधी हसते. आणि सहा वर्षांची लेकरे रानातून उचलून दूरच्या वसतिगृहात नेऊन ठेविली म्हणजे पहिला महिना भिंतीकडे तोंड करून निजतात, हेही त्यांनी या मुलुखात डोळ्यांनी पाहिले होते. पोर खरोखर मुकी असेल तर नेण्यात कल्याण. नसेल तर नेण्यात पाप. आणि आहे की नाही, हे सांगणारे जगात एकच माणूस, ते म्हणजे तिची आई. येणेप्रमाणे तीस वर्षांत पहिल्याने बाईंस एका आईची गरज पडली, आणि गरज पडली ही गोष्ट त्यांस कडू काढ्याप्रमाणे लागली. परंतु त्या बाईमाणूस कर्तव्याच्या, काढा प्याल्या.

त्यांनी पोचूभाऊस बोलाविले. पोचूभाऊ शाळेची खिचडी शिजवी आणि प्रसंगी हरकाऱ्याचे काम करी. बाईंनी त्यास आज्ञा केली की, कोलूच्या घरी जावे आणि निशेस सांगावे की उद्या सकाळी शाळेत यावे, काम नाजूक आहे, एकटीनेच यावे. त्यांचा हेतू इतकाच की, चारचौघांत लेकराच्या उणेपणाची चर्चा नको. हेतू उत्तम होता. परंतु मोठमोठ्या सेनापतींनी मुलुखाची रीत न ओळखता उत्तम हेतूने जे केले त्याची फळे इतिहासात जागोजाग नमूद आहेत.

आता ती रीत कोणती, ते सांगितले पाहिजे. या मुलुखात साऱ्या गावास बोलाविले तर ती सभा; तीस पाटील गेला तरी पुरे. परंतु एका घरास नाव घेऊन बोलाविले तर ती सभा नव्हे, तो न्याय. ज्याचे नाव घेतले तो आरोपी. आरोपीने एकटे जाऊ नये. त्याचे घर जाते, घरामागे सोयरे जातात, सोयऱ्यांमागे गाव जाते, कारण न्याय एकांतात होत नाही. आणि जाताना दंडाचा कोंबडा बरोबर न्यावा. गुन्हा मागाहून ठरतो.

पोचूभाऊ कोलूच्या अंगणात पोहोचला तेव्हा वच्छला आजी उन्हात बसून टोपली विणत होती. या आजीचे वर्णन एकच पुरे की, तिच्या घरातील बकरीही तिला विचारून ओरडे. पोचूने निरोप सांगितला.

"काऊन बलावलं गा?" आजीने विचारिले.

"मले काय माहीत? निशालेच बलावलं. दुसऱ्या कोनाले नाई."

"बाईचं तोंड कसं होतं?"

पोचूने थोडा विचार करून बाईंचे तोंड स्वतःच्या तोंडावर करून दाखविले. ते पाहून निशेच्या हातातली घागर खाली आली.

मग अंगणात खलबत भरले. कोलू वावरातून आला, सोयरे आले, मुखरू पाटील आला. रंजीतेस मध्ये उभे करून पुसिले की, शाळेत काय केलेस. त्यावर पोरीने जे उत्तर दिले ते दिवा लागेपर्यंत चालले. त्यात शाळेच्या छपरावरचा पोपट आला, दिनेशच्या नव्या चपला आल्या, खिचडीत परवा निघालेला खडा आला, आणि आपण काहीच केले नाही हे तर सातदा आले. शेवटी आजीने हात वर करून तिला थांबविले.

"पहिल्या दिवशी मी तुले काय सांगतलं होतं?"

"बाई म्हनन तेच करजो, असं सांगतलं होतं, आजी."

"केलं का?"

"समदं केलं. समद्याहून जास्त मीच केलं."

"मंग बाईनं काऊन बलावलं?" आजीने पुसिले. निशा हळूच म्हणाली की, आत्या, बाईने एकटीस बोलाविले आहे तर मी एकटीच जाऊन पाहते. आजीने तिच्याकडे ऐसे पाहिले की तो विषय तेथेच संपला. मग आजी उठली, खुराड्यापाशी गेली, आणि आपला स्वतःचा, तांबड्या तुऱ्याचा, साऱ्या बिबाटोल्यात ज्याच्या बांगेवर लोक उठत तो कोंबडा बाहेर काढिला. कोलू म्हणाला की, माय, लहान पिल्लू दिले तरी चालते. त्यास आजीचे उत्तर जाहले, "वच्छलेच्या घरचा दंड पिल्लू नसते."

दुसरे दिवशी सकाळी रानावर धुके पडले असता नसीमबाई ओट्यावर एक खुर्ची आपली आणि एक निशेची मांडून, दोन पेले चहा झाकून, वाट पाहत बसल्या. तो धुक्यातून प्रथम पाटलाची काठी दिसली, मग वच्छला आजी, तिच्या काखेत कोंबडा, मागे कोलू, मागे निशा रंजीतेचा हात धरून, आणि तिच्या मागे बिबाटोला. बाया पाठीशी लेकरे बांधून, म्हातारे शेकोटीतले निखारे मडक्यात घेऊन, पहिलीतील एकूण एक लेकराची आई, बाप, मावशी, आणि एका घराण्याचा तर परगावचा जावईही. तीस वर्षांत जे घडले नाही ते घडले: समस्त पालक फाटकाच्या आत आले. बाईंनी चष्मा पुसून पुन्हा घातला. पालक तितकेच राहिले.

"मुखरूभाऊ, हे काय आहे? मी एकट्या निशाला बोलावलं होतं!"

"म्हनूनच तर समदे आलो," पाटील बोलिला, आणि ओट्यावर बैठक मारिली.

बैठक बसली. एका अंगास पुरुष, दुसऱ्या अंगास बाया, मध्ये रिकामी जागा, त्यात रंजीता. कोंबडा खुर्चीच्या पायास बांधिला, तीच खुर्ची जी निशेकरिता मांडिली होती. पहिलीची फौज खिडकीच्या गजांतून डोकावू लागली. पाटलाने घसा साफ केला.

"हं बाई. फिर्याद सांगा."

"फिर्याद नाही हो! फिर्याद कसली?"

"मंग बलावलं काऊन?"

बाई कचरल्या. परंतु शंभर डोळे वाट पाहत होते, आणि माघार घेणे त्यांच्या घराण्यात नव्हते. त्यांनी आवाज शक्य तितका खाली आणून सांगितले की, रंजीता शहाणी आहे, अक्षर सुरेख आहे, कसलाही गुन्हा नाही. परंतु ती बोलत नाही.

मग बायांच्या अंगास एक फुसकन हसली, मग दुसरी, आणि मग सारा ओटा ऐसा हसू लागला की कोंबड्याने पंख झाडिले.

"बाई, ही पोट्टी?" निशा डोळे पुसत म्हणाली. तिचे भय एका क्षणात उतरले होते. "घरी हिचं तोंड बंद नाई होत. बकरीसंग बोलते, चुलीसंग बोलते. हिचा बाप झोपाले वावरात जाते!"

"माझ्यापुढे आषाढापासून एक अक्षर नाही," बाई म्हणाल्या. "निशा, मी हसत नाहीये. साहेब येऊन गेले. ते हिला मुकी म्हणाले. सोमवारी गडचिरोलीला न्यायची आहे. मग दूरच्या शाळेत ठेवतील, वसतिगृहात."

हसू जसे आले तसे गेले. निशेने पुढे होऊन पोरीचे मनगट धरिले. "मी नाई देत," ती म्हणाली, आणि हे तीन शब्द तिने बाईंच्या डोळ्यांस डोळा भिडवून म्हटले, जे बिबाटोल्यातल्या कोण्या आईने आजवर केले नव्हते.

"मुकी?" वच्छला आजी उठली. "माझ्या नातीले मुकी म्हनते कोन?"

"मी म्हणत नाही, वच्छलाबाई. मी तेच विचारायला बोलावलं होतं."

त्याउपरि बाईंनी खिडकीकडे वळून आपल्या फौजेस दरडाविले की, ही बाहेर बोलते हे तुम्हांस ठाऊक होते काय. फौजेने एकमुखाने होकार दिला. मग मला सांगितले का नाही, ऐसे विचारिता दिनेश नावाचा शिपाई गजांतून बोलिला, "तुमीच म्हनलं बाई, इचारल्याशिवाय बोलाचं नाई." बाईंचा तो हुकूम होता खरा. त्यांनी तो विषय वाढविला नाही.

मुखरू पाटील पुढे सरला. आता त्याने काठी आडवी ठेविली आणि पोरीस जवळ घेऊन विचारिले की, पोरी, तू इथे कधीपासून बोलत नाहीस? रंजीतेने आजीकडे पाहिले. मग तिने हाताची घडी घातली, आणि बोट उचलून ओठांवर ठेविले. ते पाहताच खिडकीतील साऱ्या फौजेने खेळ समजून आपापली बोटे ओठांवर ठेविली.

"हे कोनं सांगतलं?" पाटलाने फौजेस विचारिले.

"बाईनं!"

"अन् बोट काढा, असं कोनं सांगतलं?"

फौज एकमेकांकडे पाहू लागली. कोणीच सांगितले नव्हते. हुकूम सुटला तो साऱ्या गावास ठाऊक. हुकूम फिरविल्याची नोंद कोणत्याही दप्तरात नाही, कोणाच्या स्मरणात नाही. बाकीची बोटे हुकूम मोडून आपल्या बळाने खाली आली होती. एक बोट तेवढे राहिले.

नसीमबाई खुर्चीवर बसल्या. तीस वर्षांत तीस फौजांस त्यांनी तो हुकूम दिला, आणि तीस वर्षांत तो शेवटपर्यंत पाळणारा एकच शिपाई निपजला. आणि त्याच शिपायास मुके ठरवून मुलुखाबाहेर धाडावयाची तयारी जाहली होती. ज्या बोटास त्या खोड म्हणत होत्या ती त्यांचीच मोहोर होती.

वच्छला आजीची मान मात्र ताठ जाहली. "पाहा, माझी नात! सांगतलं ते केलं!"

"वच्छलाबाई, तुमी बी गप बसा," पाटील बोलिला. तिच्या अंगणात असे बोलण्याची छाती आजवर कोणाची नव्हती, परंतु हा ओटा होता. "बाईनं शाळंतून हुकूम देल्ला, तुमी घरून देल्ला. दोघी मिळून पोट्टीले कुलूप लावलं. एकमेकीले इचारलं असतं, तं आखाडातच खुललं असतं."

मग न्याय येणेप्रमाणे जाहला की, पोर निर्दोष. दोष दोन घरांचा, एक वच्छलेचे आणि एक शाळेचे. दंड दोघींनी द्यावा, कोंबडा हजर आहेच, तांदूळ आणि तेलमीठ बाईंकडून. आणि ज्याने गाठ मारिली त्यानेच ती सोडावी.

बाईंनी पदर खोचिला. आजवर दिलेला हुकूम मागे घेण्याचा प्रसंग त्यांच्यावर आला नव्हता, त्यामुळे तो कोणत्या शब्दांत घेतात हे त्यांस ठाऊक नव्हते. त्या खुर्चीवरून उठल्या, साऱ्या गावादेखत ओट्याच्या गार फरशीवर गुडघे टेकून बसल्या, गुडघ्यांनी मोठी तक्रार केली ती ऐकिली नाही, आणि रंजीतेचे बोट आपल्या दोन बोटांत धरून खाली आणिले.

"बेटा, बोट काढ. माझा हुकूम संपला. मी विसरले होते. आता बोल."

पोरीने आजीकडे पाहिले. आजीने मोठ्या कष्टाने मान हालविली. "बोल."

धुके उतरून कवेलूंवर ऊन आले होते. रंजीतेने शाळेच्या हद्दीत आपले पहिले वाक्य उच्चारिले, ते हे:

"बाई, तुमी फळ्यावर सात न् पाच तेरा लिवलं होतं."

"कधी?" बाईंच्या तोंडून आपोआप गेले.

"दिवाळीच्या आंधी. मी सांगनार होती. पन तोंडावर बोट होतं."

आणि मग बोडीची पाळ फुटावी तैसे जाहले. अर्धे मराठीत, अर्धे गोंडीत, श्वास न घेता, पोरीने आषाढापासूनची सारी तुंबलेली हकीकत समस्त पालकांसमोर मोकळी केली. दिनेशने तिची लाल पेन्सिल घेतली आणि दातांनी चावून दिली. पाटलाचा नातू पाटीवर थुंकून पुसतो. पोचूभाऊ खिचडीतले शेंगदाणे आधी आपण वेचून खातो. फलाण्याची पोर आईने दिलेली भाकर कुत्र्यास घालते आणि घरी जेवले म्हणून सांगते. सशाची गोष्ट बाईंनी अर्धी सांगितली, पुढे ससा कोठे गेला ते राहिलेच आहे. आणि बाई दुपारी खुर्चीत निजतात, तेव्हा तोंड उघडे असते, आणि वर्ग हळूच मोजतो की किती वेळ.

प्रत्येक कलमासरशी ओट्यावरून एक एक आई उठे, खिडकीतील आपल्या शिपायाकडे पाही, आणि तो शिपाई गजांखाली गडप होई. पोचूभाऊ काही कामास्तव चुलीकडे गेला. नसीमबाईंचे कान तांबडे जाहले. परंतु निजण्याचे कलम निघताच वच्छला आजी तोंडास पदर लावून हसली, आणि का कोण जाणे, बाईंस त्या हसण्याचा राग आला नाही. या गर्दीत कोंबड्याने पायाची दोरी सोडविली आणि भुर्रकन मोहाच्या झाडावर जाऊन बसला. पुष्कळ काठ्या फेकिल्या, तो उतरेना. तेव्हा पाटलाने जाहीर केले की, दंड झाडाने घेतला. उपरांत बाईंच्या तांदळाचा भात आणि वरण जाहले, आणि गाव पंगतीस बसले.

पंगतीतच तह ठरला. बाईंनी आपल्या तोंडाने कबूल केले की, यापुढे कोणा एका घरास नाव घेऊन बोलाविणार नाही, बोलावीन तर सर्वांस. आयांनी कबूल केले की, पाटील आला म्हणजे आम्ही आलो असे होणार नाही. पाटलाने, थोडे वाईट वाटून, तेही कबूल केले. रोज एकीने पाळीपाळीने वर्गात येऊन बसावे, हवे तर टोपली विणावी, सुपात धान पाखडावे, परंतु ऐकावे, आणि जेथे लेकरास मराठी अडेल तेथे गोंडीत सांगावे. पहिली पाळी वच्छला आजीने आपल्याकडे ओढून घेतली, कोणी सांगितले नसता. सोमवारच्या शिबिरातून रंजीतेचे नाव काढिले. बाई पोरीस घेऊन बोडीच्या पाळीवर गेल्या असता केंद्रप्रमुखांनी फोनवर विचारिले की, पुरावा काय. तेव्हा बाईंनी फोन पोरीच्या हाती दिला, आणि साहेबांनी थोड्या वेळाने स्वतःच विनंती केली की, पुरे.

राहता राहिला प्रश्न सुभ्याच्या खलित्याचा, की वर्गातील वर्तमान पालकांस वेळोवेळी कळवीत जावे. त्याकरिता वाकनिशीचा हुद्दा रंजीता कोलू हिजकडे सोपविण्यात आला. आठवडी बाजाराच्या आदल्या सांजेस ती ओट्यावर उभी राहते, आया आणि बाप समोर बसतात, आणि ती वर्गाचे वर्तमान सांगते, काहीही न वगळता. या कामास सुभ्याहून नमुना आला होता तो भरावा लागला नाही. मोहाच्या झाडावरचा कोंबडा दुपारीही बांग देतो, सबब बाईंची दुपारची झोप सुटली; त्याची नोंद येथे तक्रार म्हणून नव्हे, वस्तुस्थिती म्हणून केली आहे.

येणेप्रमाणे पौष मासी, बिबाटोल्याच्या ओट्यावर, एक बोट हटवून आणि एक कोंबडा गमावून, समस्त पालक शाळेत आले आणि आले ते राहिले. मोहीम फत्ते जाहली. नसीमबाईंचे नाव विजयी सेनापतींत लिहावे, वच्छला आजीचे त्यांच्या बरोबरीस, रेषभर खाली नव्हे.

या विजयानंतर वर्गात शांतता म्हणून राहिली नाही, हेही लपवू नये. पोर बोलते, तिचे ऐकून बाकीची बोलतात, टोपली विणणारी आजी मध्येच बोलते. अशा वेळी तो जुना हुकूम बाईंच्या जिभेवर अनेकदा आला. परंतु तो सोडिला तर फिरवावा लागेल, ही धास्ती आता कायमची बसली. म्हणून बाई खुर्चीवर नीट बसतात, हाताची घडी घालतात, बोट आपल्याच ओठांवर ठेवितात, आणि ऐकत राहतात.